राजनंदिनीला बघायला आलेले पाहुणे

गोरक्षनाथ साबळ्यांनी उभ्या जन्मात शेजाऱ्याकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. त्यामुळे लेकीच्या शिक्षणासाठी नगरच्या एका संस्थेकडे मदतीचा अर्ज केलाय, हे त्यांनी गल्लीत कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. राजनंदिनीचा नर्सिंगला नंबर लागला होता. संस्थेनं फी आणि होस्टेलचा भार उचलला तर पोरगी नगरला जाणार, नाहीतर जामखेडच्या वाटेवरचं हे गाव आणि घरची चूल. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा गोरक्षनाथांचा खाक्या. पोरीलाही त्यांनी बजावलं होतं, "तोंडातनं चकार शब्द काडायचा न्हाई."

एके दिवशी संस्थेचा फोन आला. "गुरुवारी घर बघायला येतो, शेजारीपाजारी थोडी चौकशीही करू." यातलं घर तेवढं गोरक्षनाथांच्या डोक्यात शिरलं, शेजारी बाहेरच राहिले. राजनंदिनीच्या आईनं जाळीजळमटं काढली, पितळेचे डबे घासून उन्हात मांडले. समोरच्या बनुबाईंना लगेच वास लागला.

"पाव्हनं येनार जनू?"

"व्हय. नगरचं हायेत," गोरक्षनाथ म्हणाले.

"पोरीला बघाया?"

खरं बोलायची वेळ ती होती. पण गोरक्षनाथांनी मान अशी काही हलवली की तिचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा. बनुबाईंनी लावला, आणि दिवे लागायच्या आत सगळ्या गल्लीत वाटलाही.

आता आमच्या भागात एक रीत आहे. शेजारच्या पोरीला स्थळ आलं की बांधावरून कोर्टात गेलेला भाऊबंदसुद्धा पाहुण्यांपुढं गोड बोलतो. त्यात खोटं बोललं तर पाप लागत नाही, उलट थोडं पुण्यच पदरात पडतं अशी समजूत आहे. गुरुवारी सकाळी गोरक्षनाथ मळ्यात होते. तेवढ्यात शेजारच्या हनुमंतानं आपला ट्रॅक्टर आणून त्यांच्या दारात लावला. बनुबाईंनी आपली बोरमाळ आणून राजनंदिनीच्या गळ्यात घातली. पोरगी नको नको म्हणत होती, पण का नको ते बापानं बोलू दिलेलं नव्हतं.

संस्थेच्या नीलांबरी मॅडम आणि रविकांत सर गल्लीच्या तोंडालाच गाडीतून उतरले. आधी शेजाऱ्यांना विचारायचं आणि मग घरात जायचं, ही संस्थेची पद्धत. पहिला भेटला हनुमंत.

"साबळ्यांची परिस्थिती कशी आहे हो?" सरांनी विचारलं.

"परिस्थिती? अवो, लई खानदानी मानूस. समदं बागाईत. ईहीर भर उन्हाळ्यात बी आटत न्हाई. ह्यो दारातला ट्रॅक्टर बघा, त्येंचाच हाय."

"मुलीसाठी खर्च करू शकतील?"

"एक काय, धा पोरींचा करतील. हात आखडता घेनारा मानूसच न्हवं."

मॅडम लिहून घेत होत्या. बनुबाई कशाला मागं राहतात. "घरात सोनं बी हाय. पोरीच्या गळ्यात बघा की."

गोरक्षनाथ घाईघाईनं आले तेव्हा पाहुणे ओट्यावर बसले होते आणि दारात अर्धी गल्ली उभी होती.

"साबळे, तुमचं तर उत्तम चाललंय," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे जागा मोजक्या असतात. गरज असलेल्याची जागा तुम्ही का अडवता?"

गोरक्षनाथ हळूच पुटपुटले, "ट्रॅक्टर आमचा न्हाई, मॅडम."

"मोठेपना मिरवायची सवयच न्हाई त्यास्नी," हनुमंत दारातून कौतुकानं म्हणाला.

"सगळे अर्जदार असंच म्हणतात," सर म्हणाले आणि त्यांनी बॅग उचलली.

पाण्याचे पेले घेऊन राजनंदिनी उंबऱ्यात उभी होती. तिनं बापाकडे एकदाच बघितलं. मग पेले खाली ठेवले, बोरमाळ काढून बनुबाईंच्या हातात दिली आणि ती आत वळली. ते मात्र गोरक्षनाथांना सोसलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. मग गल्लीकडे तोंड करून, पण नजर जमिनीवर ठेवून बोलले, "ह्ये पोरीला बघाया आल्यालं न्हाईत. मीच मदत मागितलीया, तिच्या फीसाठी. माज्या एकट्याच्यानं हुईत न्हाई."

गोरक्षनाथांना इतकी लाज वाटली की धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

हनुमंतानं घसा खाकरला. शेजारधर्म तोच, फक्त दिशा बदलली. "ट्रॅक्टर माजा हाय, सायेब. ह्येंची ईहीर तर संक्रांतीलाच आटती. घर गळतंय. लई वंगाळ दिवस हायेत. कदी कदी चूल पेटत न्हाई."

"लुगडं बी मीच देते तिच्या आईला," बनुबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"कदी दिलं?" गोरक्षनाथ उसळले. तोवर राजनंदिनी बाहेर आली होती. तिनं मागून त्यांचा सदरा ओढला. मग ते आपली उपासमार सगळ्या गल्लीच्या तोंडून ऐकत राहिले.

"मगाशी खोटं बोललात की आत्ता?" सरांनी विचारलं.

"दोन्ही टायमाला थोडं थोडं," हनुमंत म्हणाला.

मॅडमना हसू आवरेना. त्या स्वतः उठून स्वयंपाकघरात जाऊन आल्या, मागं जाऊन विहिरीत डोकावल्या. निघताना राजनंदिनीला म्हणाल्या, "सोमवारी कागद घेऊन ये. होस्टेलचंही बघू."

गाडी गेली, गल्ली पांगली. गोरक्षनाथ खाली मान घालून ओट्यावर बसून होते. हनुमंत ट्रॅक्टरवर चढला, पण चालू काही करीना. पुन्हा खाली उतरला.

"गोरख, त्या बाईचा नंबर हाय का तुज्याकडं?"

"का रं?"

"न्हाई, सहज." हनुमंत चाकाचा चिखल नखानं काढू लागला. "आमच्या आदिनाथचा बी नंबर लागलाय."

गोरक्षनाथांनी मुकाट्यानं मोबाईल काढून नंबर दिला.

"पन गल्लीत बोलू नगंस," हनुमंत म्हणाला.

"आन् बनुबाईनं इचारलं तर?"

हनुमंतानं इकडंतिकडं बघितलं.

"सांग, आदिनाथला मुलीकडलं बघाया येनार हायेत."