एक स्लाइड जास्त

नोंदी ठेवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी म्हणत नाही, आमच्या ग्रंथालयातली एकतीस हजार पुस्तकं म्हणतात. कुठलंही पुस्तक मागा, मी खुर्चीतून न उठता सांगतो: कपाट अमुक, फळी तमुक, पान चाळीसवर चहाचा डाग. घरीही तेच. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आहे. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, मला नावाने हाक मारत नाही, 'रजिस्टर' म्हणते. तिला वाटतं मला राग येतो!

त्यामुळे नव्या मोठ्या टीव्हीवर जुने फोटो धुरकट दिसतात अशी बाबांनी तक्रार केली, तेव्हा मी ताबडतोब बाह्या सरसावल्या.

बाबा पूल बांधणारे इंजिनियर. तरुणपणी ते स्लाइडवर फोटो काढायचे. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला बोटभर पारदर्शक फोटो, यंत्रात घालून भिंतीवर बघायचा. बारा वर्षांपूर्वी मी त्या सगळ्या एका दुकानातून स्कॅन करून आणल्या होत्या. मग आई उन्हाळाभर माझ्याशेजारी बसली, एकेका फोटोबद्दल तिला जे वाटलं ते सांगत गेली, आणि मी ते त्या त्या फाइलच्या पोटात टाइप केलं. कॉम्प्युटरवाले त्याला मेटाडेटा म्हणतात. आमच्या घरात त्याला 'आईचं' म्हणतात.

आईला जाऊन आता चार वर्षं झाली. रोज दुपारी झोप झाली की बाबा टीव्हीवर एखादा फोटो लावतात आणि त्याच्याखाली उमटणारं वाक्य वाचतात. फोटोकडे बघतात की नाही, शंकाच आहे.

"फोटो हवे तेवढे चकचकीत कर," त्यांनी मला बजावलं, "पण तिच्या एकाही शब्दाला धक्का लागता कामा नये."

"बाबा, तुम्ही कोणाशी बोलताय?" मी म्हणालो.

"त्याचीच काळजी आहे," बाबा म्हणाले.

मी चांगल्यातला स्कॅनर आणला. तीन आठवडे जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात होतं आणि बाकीचं घर मांडीवर ताटं घेऊन जेवत होतं. हातात पांढरे मोजे, धूळ उडवायला रबरी फुगा, शेजारी वही. चार स्लाइड घालायच्या, बटण दाबायचं, वहीत चार आकडे लिहायचे, पुढच्या चार. फोटोत काय आहे ते बघत बसायचं नाही, नाहीतर काम होत नाही. बायको येता-जाता विचारायची, "पेशंट कसा आहे?"

शेवटी मोजदाद केली. दुकानदाराने केल्या होत्या आठशे एकोणसाठ. माझ्या झाल्या आठशे साठ! म्हणजे त्या माणसाने एक चक्क गाळली होती आणि बारा वर्षांनी मी ती पकडली होती. हे मी बायकोला सांगितलं, बाबांना सांगितलं आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनाही सांगितलं. ते घाईत होते, तरी सांगितलं.

मग आईचं लिखाण जुन्या फायलींमधून नव्यांत न्यायचं. जुन्या एक नंबरचं नव्या एक नंबरला, दोनचं दोनला. कॉम्प्युटरला हुकूम सोडला, नऊ सेकंदांत काम फत्ते. पहिले वीस फोटो मी स्वतः तपासले. अगदी जिथल्या तिथे! तेव्हा जुने धुरकट फोटो कायमचे पुसून टाकले. एका गोष्टीच्या दोन नोंदी ठेवल्या की गोंधळ होतो, हे मी गेली वीस वर्षं हाताखालच्या लोकांना शिकवत आलोय.

रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. ताई आली. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, आली. आत्या गल्लीच्या तोंडाशी असली तरी ती आल्याचं आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळतं. बाबा मधल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पुलाच्या वेळचे लाव."

मी अठ्ठावन्न नंबरपासून सुरुवात केली. पहिलीच आत्या, विशीतली, दोन वेण्या. फोटो इतका स्वच्छ की वेण्यांचे पेड मोजून घ्या. आणि खाली आईचं वाक्य:

'आधी आवाज ऐकू यायचा, मग अर्ध्या तासाने दर्शन. पण कामाला वाघ.'

ताई खो खो हसली. आत्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"वहिनी असं म्हणाली?"

"कामाला वाघ म्हणालीय की," मी म्हणालो.

"ते नंतर म्हणालीय."

पुढचा फोटो लावला. तरुण बाबा रस्त्याच्या रोलरला टेकून ऐटीत उभे. खाली: 'आंघोळीला न्यायला तीन माणसं लागायची.'

"यात काय खोटं आहे?" आत्या म्हणाली. तिचा मूड जरा सुधारला. बाबा खुर्चीत थोडे पुढे सरकून बसले.

तिसऱ्या फोटोत चार वर्षांची ताई, टबात. 'बांधकाम भक्कम. डावीकडे किंचित झुकलंय, पण यांना सांगितलं की चिडतात.'

आता ताईचं हसू मावळलं. "मी झुकलेली होते?"

"किंचित," मी म्हणालो.

"आणि बाबा, तुम्हाला हे माहीत होतं? म्हणून मला लहानपणी तो जाड सोलचा बूट?"

बाबा छताकडे बघू लागले. मी घाईघाईने पुढे गेलो. पुलाचा फोटो आला. 'झाला तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.' पुलासाठी रडणारा बाप आपल्याला मिळाला, याचा मला अभिमान वाटला. मला शाळेत पहिला नंबर मिळाला होता तेव्हा हे गृहस्थ फक्त "बरं" म्हणाले होते.

मग आला बासष्ट नंबर. तो मी. वय वर्षं एक, अंगावर फक्त टोपी.

'हा आमचा नव्हे. एक दिवस दारात आला, बिस्किट दिलं, तो राहिलाच.'

खोलीत कोणी श्वास घेतला असता तरी ऐकू आलं असतं. कोणी घेतला नाही.

"मला वाटलंच होतं," आत्या म्हणाली. "आपल्या घरात असे कान कोणाचेच नाहीत."

"आत्या!"

"आता मला ओरडून काय उपयोग? दादाला विचार."

"तू झालास तेव्हा मी तीन वर्षांची होते," ताई हळूच म्हणाली. "आई हॉस्पिटलात गेल्याचं मला खरंच आठवत नाही रे."

मी मोठ्या आशेने बायकोकडे बघितलं. ती विचारात पडली होती. "बिस्किटाचं मात्र पटतं," ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, ही वाक्यं तूच टाइप केली होतीस ना? केली होती. पण टाइप करताना मी अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही. अर्थ बघत बसलो असतो तर एकतीस हजार पुस्तकांच्या नोंदी झाल्या नसत्या. शिवाय आईचं अक्षरन् अक्षर खरं मानायची आम्हाला सवय. ती म्हणाली मी आमचा नव्हे, म्हणजे नसेन!

"हे आत्ताच्या आत्ता बदल," आत्याने फर्मावलं. "नातवंडं बघतील उद्या. माझ्याखाली लिही, 'स्वभावाने शांत, मितभाषी.'" हे वाक्य शेजारच्या इमारतीतही ऐकू गेलं असणार.

"माझ्याखाली लिही, 'सरळ,'" ताई म्हणाली.

मी आत्याखालचं पुसून 'शांत, मितभाषी' लिहिलं. ताईखालचं पुसून 'सरळ' लिहिलं. माझ्याखालचं पुसून 'हा आमचाच' लिहिलं आणि तीनदा सेव्ह केलं. मग कपाळाचा घाम पुसला आणि पुढचा फोटो लावला.

आमचा जुना कुत्रा, पायरीवर जीभ काढून बसलेला. खाली: 'ऑफिसातले मोठे साहेब. यांच्यासमोर खुर्चीत बसायची कोणाची हिंमत नव्हती.'

सगळ्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठशे साठ! एक स्लाइड मध्येच घुसली होती आणि तिथून पुढे प्रत्येक फोटोखाली त्याच्या पुढच्याचं वाक्य गेलं होतं. वाघ होता रोलर. तीन माणसं लागायची ताईला. झुकला होता पूल. आणि बिस्किटावर राहिला होता तो कुत्रा.

"म्हणजे मी तुमचाच!" मी म्हणालो.

"ते सोड," ताई म्हणाली. "आत्ता जी तीन वाक्यं पुसलीस, ती आईची होती. जुन्या फायलींत आहेत ना?"

जुन्या फायलींचं काय झालं ते मी सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. आठशे एकोणसाठपैकी आठशे छप्पन्न वाक्यं एकेक घर सरकवून जागेवर आणता येणार होती. पण तीन गेली होती. दुपारी वाचायला बाबांकडे आईचं तेवढंच तर होतं, आणि मी त्यातलं तीन वेळा सेव्ह करून पुसलं होतं. मला खरोखर रडू येत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "चुकलं माझं."

बाबांनी माझ्या हातात कीबोर्ड दिला. "घे लिहून. आधी आवाज ऐकू यायचा, स्वल्पविराम, मग अर्ध्या तासाने दर्शन. पूर्णविराम."

तीनही वाक्यं त्यांनी डोळे मिटून सांगितली. विरामचिन्हांसकट.

"तुम्हाला पाठ आहेत?"

"आठशे एकोणसाठ," बाबा म्हणाले. "रोज वाचतो, मग होणारच की."

"म्हणजे पहिल्याच फोटोला तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? मी पाच मिनिटं अनाथ होतो!"

बाबा हसले. "तुमची आई गेल्यापासून या घरात एवढ्या जोरात कोणी भांडलं नव्हतं. मला बरं वाटत होतं."

मी नाक ओढलं आणि कामाला लागलो. वाक्यं एकेक घर सरकवली. पुलाखालचं ते पाण्याचं वाक्य सरकून माझ्या टोपीवाल्या फोटोखाली येऊन बसलं. मी ते वाचलं. या वेळी अर्थासकट वाचलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मीही बघितलं नाही असं दाखवलं.

शेवटी ती आगाऊ स्लाइड शोधली. सदतिसावी. टीव्हीवर लावली तर पूर्ण काळी. लेन्सवरचं झाकण न काढताच बाबांनी बटण दाबलं होतं. दुकानदाराने ती शहाणपणाने वगळली होती. मी मोजे घालून, फुग्याने धूळ उडवून, सर्वोच्च दर्जाला स्कॅन केली होती. आणि तिच्याखाली शेजारच्या फोटोतलं आईचं वाक्य येऊन पडलं होतं:

'यांनी काढलेला माझा सगळ्यात चांगला फोटो. कधी नव्हे ते डोळे मिटलेले नाहीत.'

बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी वाक्य उचलून योग्य फोटोखाली ठेवलं आणि इथलं पुसायला बोट पुढे केलं.

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "दोन्हीकडे राहू दे."

"अहो बाबा, पण ही नोंद चूक आहे. इथे आई नाहीच आहे!"

"तुला काय माहीत? मी उभा होतो तिथे."

मी वही उघडली आणि नियमाप्रमाणे शेवटची नोंद केली: स्लाइड आठशे साठ, तपासून बरोबर आठशे एकोणसाठ, चूक एक. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून तो कोरा ठेवलाय. ऑफिसात कोणाला सांगू नका.