यशवंतराव अस्वलांचं शटर

एका जंगलात एक गॅरेज होतं. हसू नका, मुलांनो. जीप आली की गॅरेज येतंच, आणि यशवंतराव अस्वलांकडे जीप होती.

गॅरेजचं शटर फार जुनं होतं. वर ढकललं की कुरकुरायचं आणि मनात येईल तेव्हा खाली यायचं. ते दुरुस्त करायचं यशवंतरावांनी दिवाळीतच ठरवलं होतं. ठरवण्यात ते कुणाला हार जात नसत.

एका दुपारी त्यांचे सासरे जेवून जीपमध्ये डुलकी काढायला गेले. मागे धाडकन शटर पडलं. खाली वीतभर फट उरली. सासरे आत, जावई बाहेर.

सुमतीबाईंना रडू फुटलं. "अहो, कुणाला तरी बोलवा. बाबांना दमा आहे."

"कुणाला तरी कसं बोलवणार? ओळखीचा माणूस पाहिजे," यशवंतराव म्हणाले.

त्या जंगलाची रीतच तशी होती. ओळखीचा माणूस मिळाल्याशिवाय कुणी काही दुरुस्त करून घेत नसे. त्यामुळे तिथले सगळे नळ गळत.

शेजारचा वानर धावत आला. "माझ्या ओळखीचा खेकडा आहे. माझं नाव सांगा, लगेच येईल."

खेकडा आला. शटरकडे बराच वेळ बघत राहिला.

"आधी कुणी काम केलं होतं इथे?"

"आठवत नाही."

"वाटलंच मला," असं म्हणून तो सामान आणायला गेला. मग 'वाटेतच आहे' असे त्याचे फोन येत राहिले.

कोल्ह्याने त्याच्या ओळखीचा तरस पाठवला. तरस म्हणाला, "दुरुस्ती कसली करताय, नवीनच बसवा." आणि मापं घेऊन एका लग्नाला निघून गेला.

संध्याकाळ झाली. आतला खोकला वाढला. सुमतीबाईंचा जीव अगदी टांगणीला लागला.

तेवढ्यात रस्त्याने एक साळिंदर चालला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी होती. तो थांबला.

"बाजूची पट्टी वाकलीय. सरळ करून देऊ का?"

यशवंतरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आपण कुणाच्या ओळखीचे?"

"कुणाच्याच नाही. मी पलीकडच्या जंगलातला."

"मग राहू द्या."

फटीतून सासऱ्यांचा आवाज आला. "बरोबर आहे जावईबापूंचं. भलत्याला हात लावू देऊ नका." आणि त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली.

सुमतीबाईंनी डोळे पुसले. साळिंदराला ओट्यावर बसवलं. चहा ठेवला. नाव विचारलं, गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं. त्याची थोरली मुलगी यंदा दहावीला होती. चहा संपल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे तुकाराम. माझ्या ओळखीचे आहेत."

"कधीपासून?"

"मघापासून."

यशवंतरावांचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं?"

तुकारामने पट्टी ठोकून सरळ केली आणि शटर वर गेलं. सुमतीबाईंनी वडिलांना धरून बाहेर आणलं. म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला, शटर खालीवर करून पाहिलं आणि मुलीला बाजूला घेऊन कुजबुजला, "माणूस चांगला आहे. माझं नाव सांगितलं असतंस तर दुपारीच आला असता."

तात्पर्य : संकटात कामाचा माणूस काही कामाचा नाही, ओळखीचाच लागतो. म्हणून घरात चहापुरतं दूध नेहमी असू द्यावं.