निंबा मास्तरचा करदोडा

"आज तोंडातून एक जरी वाकडा शब्द निघाला ना, तर पोरगी कायमची घरात राहील. मग बसा दोघं बापलेक एकमेकांवर ओरडत!" सुंदराने सकाळी सकाळी नवऱ्याला दम भरला.

"मी कधी बोलतो वाकडं?" निंबा एवढ्या जोरात म्हणाला, की वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

खरं सांगायचं तर निंबाला राग यायला कारण लागतच नसे. सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका कारखान्यात तो धागा वळण्याच्या मशिनींवर मास्तर होता. दिवसभर त्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागायचं, आणि घरी आल्यावर गळ्याचं बटण बंद करायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चहा गार असला की राग, गरम असला की जास्त राग. एवढं चालून गेलं असतं. पण यंदा त्याने जावयावरच तोंड टाकलं.

लेक वर्षाला आखाजीच्या सणासाठी माहेरी सोडायला जावई अक्षय आला होता. कतारगामला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करणारा, सुरतेतच वाढलेला, शांत मुलगा. जेवताना पुरणपोळी वाढली, तेव्हा त्याने बायकोकडे बघून हळूच विचारलं, "आणखी एक घेऊ का?" झालं! निंबा गावच्या बोलीत कडाडला, "पोळी खायालेबी बायकोची परवानगी? माणूस शे का शेपूट?"

अक्षयने हात आखडला. पोळी ताटातच ठेवून उठला आणि चालता झाला. आखाजी सरली, झोके उतरले, डब्यातल्या सांजोऱ्या संपल्या, तरी तो बायकोला न्यायला येईना. वर्षा रोज बापाच्या अंगावर भांडी आपटायची. शेवटी सुंदराने मधला मार्ग काढला. घरी नको, रविवारी सुवालीच्या दर्यावर भेटू, जावईबापूंना मासे आवडतात, तिथेच चूल मांडू. अक्षय तयार झाला. नुसते मासे बाजारातून न्यायचे होते. पण इथे कुणाचं सरळ काही होईल तर शपथ!

"बाजारचा मासा? जावयाले?" निंबा उसळला. "मी धरतो. पांझरेवर अख्खं बालपण गेलं माझं!"

पांझरा नदी आणि दर्या यात काही फरक असतो, हे त्याला कोण सांगणार? सांगितलं असतं तर त्याचाही राग आला असता. त्याने कारखान्यातला पॉलिस्टरचा धागा बारा पदरी वळून दोरी केली. "हत्ती बांधा, तुटणार नाही," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. गळ म्हणून कापडाची गाठोडी ओढायचा हमालाचा लोखंडी आकडा आणला आणि कानशीने घासून त्याला टोक काढलं. आमिषाला खाटकाकडून बकऱ्याची आतडी आणली. त्या आकड्याला लहान मासा लागणं शक्यच नव्हतं. पण हा विचार निंबाने केला नाही.

सुवालीला पोचले तेव्हा भरती सुरू झाली होती. सुंदराने चुलीपाशी मसाला वाटायला घेतला. निंबाचे वडील बळीराम आबा छत्री उघडून वाळूत बसले आणि त्यांच्या आडोशाला वर्षा, आपली बॅग घेऊन. अक्षय आला, सगळ्यांच्या पाया पडला आणि पायाने वाळू उकरत उभा राहिला. निंबाने दात चावून हसण्याचा प्रयत्न केला.

"या, जवाईबापू. उशीर झाला. म्हणजे, नाही झाला. बरोबर आले."

सुंदराने लांबूनच उलथनं दाखवलं. निंबा पाण्याकडे वळला.

गुडघाभर पाण्यात जाऊन त्याने आकडा भिरकावला आणि दोरीचं दुसरं टोक, पांझरेच्या रीतीप्रमाणे, कमरेच्या करदोड्याला बांधलं. गावाकडे सगळे तसंच करायचे. दोरी कमरेला बांधायची, काठावर झोपायचं, मासा लागला की आपोआप जाग येते. निंबा वाळूत आडवा झाला. जागं राहून जावयाशी बोलण्यापेक्षा ते बरंच होतं.

त्याचा डोळा लागतो न लागतो तोच त्याला कुणीतरी कमरेला धरून उचललं आणि पाण्याकडे फरफटत नेलं.

"कोण शे रे तो? सोड!" निंबा ओरडला. टाचा रुतवून कसाबसा उभा राहिला. पुढे गढूळ पाण्यातून एक काळं, तिकोनी पातं वर आलं. मागून शेपटी आपटली, ती निंबाच्या उंचीएवढी तरी होती.

"अगं माय वं!" सुंदराच्या हातातला वरवंटा खाली पडला.

"निंबा, तो मासा नही रे, म्हैस शे!" आबा छत्रीसकट उठले.

"शार्क आहे, मामा! शार्क!" अक्षय धावत पाण्यात शिरला आणि त्याने सासऱ्याला मागून मिठी मारली. दोघंही घसरत निघाले. पाणी मांडीपर्यंत आलं.

अक्षयच्या खिशात धागे कापायची छोटी कात्री कायम असे. ती त्याने काढली आणि दोरीला लावली.

"दोरीले हात लावानं नही!" निंबा गरजला. "बारा पदरी शे! मना हातनी वळेल शे! तोच थकीन!"

"बरं, मग करदोडा कापतो."

"खबरदार!" आता काठावरून आबा ओरडले. "बाप मेल्यावर तोडतस करदोडा! मी जित्ता शे ना आजून! मना डोयासमोर मले मारतस का रे?"

"आबा, करदोडा नाही कापला तर तुमचा पोरगाच जाईल!"

"त्याले जाऊ दे, करदोडा राहू दे!" आबांना काय बोलतो आहोत ते कळायच्या आत बोलून झालं.

करदोडा काढावा म्हटलं तर निंबाच्या पोटाखाली तो असा रुतलेला, की लग्नानंतर कुणी पाहिलाच नव्हता. शार्कने पुन्हा हिसका दिला. पाणी कमरेला आलं. आणि सकाळपासून दाबून ठेवलेला निंबाचा सगळा राग त्या माशावर फुटला.

"माजला का रे? सासरा दिसत नाही समोर? चार शब्द बोललो तर ताटावरून उठून जातोस? फोन उचलत नाहीस? तोंडात काय मूग शेत का?"

शार्क ताटावरून उठून गेला नव्हता. शार्कला कुणी फोनही केला नव्हता. सुंदराने कपाळावर हात मारला. अक्षय मागून मिठी मारूनच उभा होता, पण त्याचे कान लाल झाले. त्याने सासऱ्याची मानगूट धरली.

"चूप! एकदम चूप!" त्याचा आवाज असा फुटला, की काठावरचे बगळे उडाले. "अक्कल आहे का डोक्यात? इकडे जीव चाललाय आणि म्हणे बारा पदरी! मसणात गेली तुमची दोरी! आबा, तुम्ही पण खाली बसा! आता जो बोलेल त्याला मी त्या माशापुढे टाकीन!"

आबा खरंच खाली बसले. अक्षयने एका हाताने निंबाला धरलं, दुसऱ्या हाताने कात्री चालवली. एक पदर, दुसरा पदर. कात्री वाकली, बोट कापलं, तरी तो शिव्या देत कापतच राहिला. दोरी तुटली आणि सासरा-जावई दोघंही पाण्यात धपकन बसले. काळं पातं वळलं आणि आकड्यासकट खोल पाण्यात दिसेनासं झालं.

काठावर आल्यावर निंबा बराच वेळ करदोडा चाचपत बसला. सुंदराने पुन्हा उलथनं उचललं. जावयाने सासऱ्याची मानगूट धरली होती, आता काय महाभारत होणार कोण जाणे.

"आई गं," निंबा म्हणाला आणि खो खो हसायला लागला. "आवाज शे! माझ्या जावयाले आवाज शे! आजपासून तुम्ही आमच्या घरातले!"

अक्षयची छाती फुगली. गरम रक्त अजून उतरलं नव्हतं. तो वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, "वर्षा! बॅग उचल! आत्ताच्या आत्ता घरी निघायचं!"

इतका वेळ छत्रीमागे भेदरून बसलेली वर्षा उठली. पदर खोचला.

"आवाज कुणावर चढवता?" दर्या मागे सरला की काय असं वाटलं. "न्यायला आलात की हुकूम सोडायला? एक तर इतके दिवस फोन नाही! बोट कापलंय, रक्त गळतंय, ते दिसत नाही? बसा खाली! हात पुढे करा! आणि बॅग कोण उचलणार?"

अक्षय बसला. हात पुढे केला.

"मीच उचलतो ना," तो हळूच म्हणाला. "बोट बांधून झालं की उचलू का?"

निंबाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने जावयाकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग पुन्हा जावयाकडे. मग ओल्या कपड्यांनी सरकत सरकत जावयाच्या शेजारी जाऊन बसला.

"रोज असंच?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"रोज," अक्षय म्हणाला.

"कुणावर गेली ही पोरगी, काय माहीत!" निंबा हळहळला.

"काय म्हणालात?" चुलीपासून सुंदराने विचारलं.

"काही नाही," निंबा म्हणाला. "पाणी पिऊ का, विचारत होतो."