चार नंबरचं उत्तर

सीझन उलटला की त्या लॉजमधलं कुटुंब चार खोल्यांत पांगायचं. भांडण नव्हतं काही. समुद्राकाठची रिकामी खोली रुसते, असं मामंजींचं म्हणणं. पंधरा दिवस तिच्यात कुणी निजलं नाही की उशीला ओल येते, कडी गंज धरते आणि भिंत गाल फुगवून बसते. म्हणून गिऱ्हाईक नसलं की घरच्यांनीच गिऱ्हाइकासारखं पसरून निजायचं आणि पंधरवडा सरला की पुढच्या खोलीत सरकायचं. सध्या मामंजी तीन नंबरात होते, सासूबाई चारात, नवरा सहात. सूनबाई काउंटरला लागून असलेल्या एक नंबरात, कारण फोन वाजला तर कुणीतरी धावायला हवं. फोन वाजत नव्हता.

फोन वाजत नाही, हेच धरून मामंजींनी रविवारी जेवताना फर्मान काढलं. पुढल्या वर्षीपासून ऑफ सीझनचे चार महिने कुलूप. सगळ्यांनी शहरात लेकीकडे राहायचं. लेक म्हणजे सूनबाईची नणंद. तिचं घर दोन खोल्यांचं आणि तोंड नऊ खोल्यांचं. सूनबाईनं चार शब्द बोलून पाहिले, तेव्हा मामंजी हात पुसत म्हणाले, "एक गिऱ्हाईक आठवडाभर टिकवून दाखव. मग कुलपाचं नाव काढणार नाही."

आटलेल्या विहिरीला पाणी मागावं तशी ही अट. सासूबाई ताटं उचलून मोरीकडे गेल्या आणि भांडी घासता घासता नेहमीसारखं गुणगुणू लागल्या. त्यांचं गाणं ऐकायची घराला इतकी सवय झाली होती की ते कुणालाच ऐकू येत नसे.

"नऊ खोल्यांचं गं घर, नऊ दारांना नऊ किल्ल्या,
माझ्या जिवाच्या दाराशी चपला कुणी नाही काढल्या."

सोमवारी सकाळी आठला दाराशी टॅक्सी थांबली. एक छत्री उतरली, एक बॅग उतरली आणि मग हेडबाई उतरल्या. चाळीस वर्षं शाळा चालवल्याचं त्यांनी नंतर सांगितलं, पण त्यांच्या उभं राहण्यावरूनच सूनबाईनं ते ओळखलं आणि नकळत नखं लपवली. नेमकी त्याच वेळी व्हरांड्यातली तीन दारं एकामागून एक उघडली. तीन नंबरातून मामंजी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले आणि गरम पाण्याचं काय झालं म्हणून कुरकुरले. सहातून नवऱ्यानं फेसाळलेलं तोंड बाहेर काढलं. चारातून सासूबाई केस बांधत आल्या. हेडबाईंनी तिघांना नजरेनं मोजून घेतलं.

"तीन लॉजं बघून आले," त्या म्हणाल्या. "सगळीकडे स्मशानशांतता. मला रिकाम्या जागी झोप येत नाही हो. तुमच्याकडे मात्र वर्दळ दिसते."

"असतात चार माणसं," सूनबाई म्हणाली. हे अगदी खरं होतं. चौथी ती स्वतः होती, एवढंच सांगायचं राहिलं.

"मग आठवडाभर राहीन. ही मंडळी आहेत ना तोवर? ही गेली तर मी एकटी नाही थांबायची."

सूनबाईनं त्यांना पाच नंबर दिला, काउंटरमागचा कुटुंबाचा मोठा फोटो उतरवून कपाटाच्या पाठीमागे उभा केला आणि न्याहारीपूर्वी तिन्ही खोल्यांत जाऊन, आठवडाभर गिऱ्हाईक बना म्हणून हात जोडले. नवरा तयार झाला, कारण बहिणीचं घर त्यालाही ठाऊक होतं. सासूबाईंनी फक्त विचारलं, "म्हणजे आठवडाभर मी काहीच करायचं नाही?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पलंगावर आडव्या झाल्या. मामंजी मात्र बिथरले. असली सोंगं मी करणार नाही, त्या बाईला आत्ता जाऊन सगळं सांगतो, म्हणून तरातरा निघाले.

जेवणघरात हेडबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. खुर्ची दाखवून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, की काय हो, लॉज कसं आहे, गाद्या जरा जुनाट वाटल्या. मामंजींचा बाणा जागा झाला. गाद्या त्यांनी स्वतः निवडून आणल्या होत्या. "सगळा किनारा पालथा घाला, असं लॉज मिळणार नाही," ते म्हणाले. "मी तर दुसरीकडे उतरतच नाही." बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण आता गिऱ्हाईक झालो. ते चहाकडे वळले.

मग हजेरी सुरू झाली. नवऱ्यानं आपण पंपांचे विक्रेते असल्याचं सांगितलं. ते निदान निभावण्यासारखं होतं, कारण लॉजचा पंप दर दोन दिवसांनी बसायचा आणि हा "विक्रेता" बिचारा सुट्टीतही पान्हा घेऊन उठायचा. त्याच्या परोपकारावर हेडबाई खूश झाल्या. मामंजींनी आपण बियाण्यांचे व्यापारी, एकटेच असतो, असं पुटपुटत सांगितलं. शेवटी चार नंबर. सासूबाईंनी पावाला लोणी लावता लावता शांतपणे सांगितलं की त्यांनी लग्नच केलं नाही.

"का बरं?" हेडबाई.

"मनासारखं कुणी भेटलं नाही."

मामंजींना ठसका लागला. सूनबाईनं पाणी आणून दिलं. अडतीस वर्षांच्या संसाराचा असा दोन वाक्यांत निकाल लागलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून लॉजचं सगळं काम एकट्या सूनबाईच्या गळ्यात पडलं. खाणारी तोंडं पाच आणि राबणारे हात दोन. चादरी तिनं बदलायच्या, व्हरांड्यातली वाळू तिनं झाडायची, आणि त्यावर चार नंबरकडून निरोप यायचा की चहा कोमट होता. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आई मस्करी करतायत. दुसऱ्या दिवशी उशी बदलून मागितली, तेव्हा कळलं की मस्करी नव्हे. सासूबाई दुपारी आरामखुर्ची समुद्राकडे वळवून बसायच्या. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडायची. समुद्राचा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता, तोंड आत्ता पाहत होत्या. गाणंही आता मोरीतून निघून व्हरांड्यात आलं आणि लाटेच्या तालावर जरा मोठ्यानं होऊ लागलं. मामंजी पेपरमागून कान टवकारायचे.

मामंजींचे हाल कुत्रा खाईना. त्यांच्या गोळ्या कुठल्या डबीत, मोजे कुठल्या कप्प्यात, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं; ते सगळं दोन हात लांबच्या खुर्चीत लोणी लावत बसलेलं होतं. बुधवारी न्याहारीला त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अगं, माझा चष्मा कुठंय?"

सूनबाईच्या हातातली किटली कलती राहिली.

सासूबाईंनी मान वळवून विचारलं, "माझ्याशी बोलताय?"

"नाही... म्हणजे... तुम्ही कुठं पाहिलात का?" मामंजी म्हणाले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला अहो-जाहो केलं, आणि तेही घाम पुसत.

"डोक्यावर आहे तुमच्या," सासूबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

हेडबाईंनी हे हसू टिपलं. चाळीस वर्षं कोण कुणाच्या बाकाकडे बघतं याच्यावर ज्यांनी नजर ठेवली, त्यांच्या डोळ्यांतून काय सुटणार? त्यांनी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं आणि सूनबाईला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, की दोन्ही एकटे जीव आहेत, वयाला शोभून आहेत, आणि ही गाठ आपण मारायची. सूनबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं मान डोलावली आणि कांदा चिरायला घेतला; कांद्याची तेवढी सोय असते.

रोज पाचला मग तिघांची फेरी सुरू झाली. मध्ये हेडबाई, एका बाजूला तीन नंबर, दुसऱ्या बाजूला चार नंबर. पुढे हेडबाई शिंपले वेचायच्या निमित्तानं मागे राहू लागल्या. काय बोलावं हे मामंजींना सुचेना. बायकोशी बोलायचे त्यांचे विषय दोनच, पंप आणि चादरी, आणि परक्या बाईशी ते बोलता येईनात. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला समुद्र आवडतो का. सासूबाई लाटांकडे बघत म्हणाल्या, "आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्या संध्याकाळी मामंजी जेवले कमी आणि आरशात दोनदा डोकावले.

शुक्रवारी हेडबाईंनी मामंजींची संमती घेतली. ती कशी घेतली कुणास ठाऊक, मामंजींनी फक्त "माझी हरकत कशी असेल?" असं म्हटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मग हेडबाई चार नंबरात गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या थेट काउंटरशी.

"नाही म्हणाल्या," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. आता त्या दोघांसमोर कुठल्या तोंडानं बसू? उद्या सकाळची टॅक्सी सांगा मला."

आठवड्याला दोन दिवस कमी पडत होते. सूनबाईच्या डोळ्यांपुढे नणंदेची दोन खोल्यांची जागा उभी राहिली, दारात हात कमरेवर ठेवलेल्या नणंदेसकट. ती धावत चार नंबरात गेली आणि दार लावून घेतलं.

"आई, हो म्हणा ना. तुमचं काय जातंय? नवराच आहे तुमचा."

"एकदा म्हणून पाहिलंय मी हो," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी बसल्या होत्या. "आणि तेव्हा तरी मी कुठं म्हटलं? माझ्या बापानं म्हटलं. मला विचारायला आजच कुणीतरी आलंय. मग मी जरा वेळ घेऊ नको?"

"घ्या ना," सूनबाई पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली. "पण नाही नका म्हणू. विचार करते, एवढंच म्हणा. रविवारपर्यंत."

सासूबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. पाच दिवसांत साबणानं बोटं सोलवटली होती. त्यांनी तो हात क्षणभर आपल्या हातात धरला, मग चपला घालून स्वतः हेडबाईंकडे गेल्या. निरोप असा दिला, की घाईत बोलले, विचार करून सांगेन. पण एक अट आहे. हे लॉज असंच बारा महिने उघडं राहिलं पाहिजे. गर्दी ओसरली की दरवर्षी मला इथं समुद्र बघायला यायचंय, आणि मी खोलीत राहणार, स्वयंपाकघरात नाही.

ही अट हेडबाईंनी संध्याकाळी भर जेवणघरात मामंजींना ऐकवली. पंपविक्रेता आणि सूनबाई श्वास रोखून उभे होते. लॉज कुणाचं आणि अट कुणाला, हा प्रश्न बियाण्यांच्या व्यापाऱ्याला विचारायची सोय नव्हती. मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाई समुद्राकडे पाहत होत्या.

"उघडं राहील," मामंजी म्हणाले. "मालक माझ्या ओळखीचा आहे."

हेडबाई सोमवारी सकाळी निघाल्या, आठवडा पुरा करून. पाच नंबर त्यांनी पुढल्या वर्षासाठी सांगून ठेवला आणि हीच मंडळी असतील असं सूनबाईकडून वदवून घेतलं. टॅक्सीत बसता बसता त्यांनी छत्रीचं टोक काउंटरमागच्या भिंतीवरच्या फिक्या चौकोनाकडे रोखलं.

"तो कपाटामागचा फोटो परत लावून टाक गं. तीन आणि चार नंबरचा जोडा छान दिसतो त्याच्यात. चौकट जड आहे, दोन खिळे ठोक."

टॅक्सी वळणाआड गेली तरी सूनबाई उंबऱ्यावर उभीच होती. मग भानावर येऊन ती हसत चार नंबरकडे गेली. आई, गेल्या बाई, आता या स्वयंपाकघरात, माझी कंबर मोडली, असं तिनं दाराबाहेरूनच सांगितलं.

"माझं बुकिंग महिनाअखेरपर्यंत आहे," आतून आवाज आला. "आणि चहा कोमट नको."

सूनबाई वळली, तर मागे मामंजी उभे. हातात बशीनं झाकलेला कप. स्वयंपाकघरात त्यांचं पाऊल कसं पडलं, साखर त्यांना कुठं सापडली, देव जाणे. बशीत अर्धा चहा हिंदकळला होता. सुनेला त्यांनी डोळ्यांनीच बाजूला व्हायला सांगितलं. आत गुणगुणणं चालू होतं. त्यांनी दाराशी थांबून दोन्ही चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या आणि कडी वाजवली.

गाणं थांबलं.

"कोण आहे?"

मामंजींनी घसा साफ केला.

"मी," ते म्हणाले. "तीन नंबर."