कणगीला कुलूप

ऋत्विकनं जुन्या कॉम्प्युटरात दोन नव्या डिस्क बसवल्या, लिनक्स घातलं आणि तो डबा टीव्हीखाली मांडला. "आई, आता घरातले सगळे फोटो ह्यात. लोकांच्या दारात नेऊन टाकायला नकोत."

मथुराकाकूंना पटलं. आपलं भात आपल्याच कणगीत असावं, एवढी अक्कल चौथीत शाळा सुटली तरी येते. इंजिनियर झाल्यावरच ती जाते. यंत्रानं नाव विचारलं तेव्हा त्याचं 'कणगी' हे नाव काकूंनीच ठेवलं. पासवर्डही मोबाइलवर ओळखीची झालेली इंग्रजी अक्षरं शोधत त्यांनीच घातला.

"कुणाला सांगू नकोस हां. मलासुद्धा नाही," पाठ फिरवून उभा असलेला ऋत्विक म्हणाला.

"मेल्या, मी सांगणारी वाटले काय तुला?"

मग त्यानं काकूंच्या फोनमधले फोटो कणगीत ओतले आणि फोन रिकामा केला. त्यात काकूंच्या आईचा एकुलता एक फोटो होता. कागदावरचा वाळवीनं केव्हाच खाल्ला होता.

दुपारी वीज गेली, आली. कणगी पुन्हा सुरू झाली ती टीव्हीच्या पडद्यावर पासवर्ड मागतच. काकू पुढे झाल्या. सकाळी निदान ठिपके दिसत होते. आता काहीच उमटेना. म्हणून त्यांनी एकेक बटण चांगलं रेटून धरलं. दाबून धरलं की तेच अक्षर दहादा पडतं, हे पडद्यावर काही दिसल्याशिवाय कळावं कसं? कणगी उघडेना.

"आई, तू सांग. वेदिका टाइप करील," ऋत्विक बायकोकडे बोट दाखवत म्हणाला.

"सांगायचा नाही म्हणालास ना? नाय सांगत."

"अगं, पण काहीतरी खूण तरी?"

"तुझ्या बापाला विचार!"

ऋत्विकचे डोळे चमकले. आप्पांचं नाव यशवंत. सुनेनं ते नाव इंग्रजीत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहिलं. कणगी ढिम्म.

"डिस्कलाच कुलूप आहे, आता ती पुसून पहिल्यापासून करावं लागेल," ऋत्विक पडेल आवाजात म्हणाला.

"पुसून म्हणजे? आणि माझी आई?"

काकूंनी पदर खोचला आणि नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो!"

"काय गो?" आप्पा म्हणाले.

"अहो!"

"अगो, सांग ना काय ते!"

"अहो! अहो! अहो!"

आप्पा घाबरून पाणी आणायला उठले. वेदिकानं मात्र ए, एच, ओ अशी तीन बटणं दाबली, आणि कणगी उघडली. काकूंची आई पडद्यावर आली, टीव्हीएवढी मोठी.

"आई, एवढासा पासवर्ड?" ऋत्विक कळवळला.

"एवढ्याशावर माझा सगळा संसार झाला. तुझ्या डब्याला पुरत नाही?"

"पण शेवटी सांगितलासच की!"

"कुठे सांगितला? मी ह्यांना हाक मारली."

तरी पासवर्ड बदलावा लागलाच. काकूंनी सगळ्यांना पाठ फिरवून उभं केलं आणि नवा घातला, अक्षराला अलगद बोट लावून.

"या खेपेला काय घातलंस?" आप्पांना राहवेना.

"तुमचं नाव," काकू म्हणाल्या. "पण माझ्या स्पेलिंगनं."