त्रिकोणानं रडवलेला वर्ग

गणित शिकवावं तर मीच! निदान १९७४ मधल्या त्या शनिवारपर्यंत माझी तशी ठाम समजूत होती.

इतवारीतल्या एका शाळेत मी तात्पुरता मास्तर होतो. कायम व्हायचं तर तपासणीत छाप पाडायलाच हवी! हॉलचे दोन वर्ग करायला शाळेनं नवी प्लायवूडची आडभिंत घातली होती. ती फिकट दिसत होती, म्हणून आदल्या संध्याकाळी मी स्वतः तिला वॉर्निशचे तीन हात मारले. सकाळी बया आरशासारखी चमकत होती! बाहेर हातगाडीवाल्यांचा कालवा, म्हणून खिडक्या घट्ट लावल्या.

तपासणीला आले शिक्षणखात्याचे महादेवराव डिप्टी. माणूस इतका कडक, की त्यांच्यापुढे खुर्चीही करकरायला घाबरायची! मी फळ्यावर त्रिकोण काढला.

"पाया गुणिले उंची, आणि त्याचं अर्धं!"

पहिल्या बाकावरच्या प्रेमिलानं डोळे पुसले. मग तिच्या शेजारणीनं. दहा मिनिटांत अख्खा वर्ग मुसमुसत होता!

"काहून रडून राहिली वं पोरी?" साहेबांनी विचारलं.

"मालूम नाही जी! सरनं अर्धं म्हटलं का डोये भरून येते!"

बघतो तर साहेबांच्याही गालांवर धारा! माझेही डोळे वाहू लागले. आपलं शिकवणं इतकं काळजाला भिडतं, हे मला त्या दिवशी कळलं!

"मास्तर," साहेब हुंदका आवरत म्हणाले, "तीस वर्षांत त्रिकोणानं मले असं कधी हलवलं नव्हतं!"

त्यांनी तसा अहवाल त्याच दिवशी मोठ्या कचेरीत धाडला. वर हुकूम सोडला, की शनिवारी हाच पाठ चाळीस शिक्षकांसमोर घ्यायचा!

एवढी माणसं वर्गात मावेनात, म्हणून पाठ मैदानात ठेवला. मी त्रिकोण काढला, 'अर्धं' म्हणताना आवाज कापरा केला. एक डोळा ओला होईना! शेजारच्या शाळेच्या सिंधूताईंनी तर चक्क जांभई दिली.

तेवढ्यात आमचा शिपाई नत्थूजी पुढे आला.

"साहेब, पोट्टे गणितानं नाही रडले जी! सरनं त्या भिंतीले वार्निस मारलं अन् खिडक्या लावून घेतल्या. मी निस्ता वर्ग झाडाले गेलो, तं माहेबी डोये झोंबले!"

साहेबांचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

"नत्थूजी, खिडक्या उघड. वास जाईपर्यंत पोरं बाहेर बसतील." मग ते शिक्षकांकडे वळले. "माझा अहवाल वर गेला आहे. तो खोटा पडता कामा नये. मास्तर, पुन्हा अर्धं म्हणा! अन् तुम्ही सारे... रडा!"

"अर्धं!" मी म्हणालो.

चाळीस शिक्षकांनी एकदम गळा काढला! सिंधूताईंना तर दोघींनी धरून पाणी पाजलं. रस्त्यावरचे लोक टोप्या काढून विचारू लागले, "कोण गेलं गा?"

पुढच्याच महिन्यात सिंधूताई मुख्याध्यापिका झाल्या. मी तात्पुरताच राहिलो. माझ्या कागदावर साहेबांनी शेरा मारला होता, 'एवढ्या करुण प्रसंगी हे गृहस्थ एकटेच हसत होते.'