काम स्वीकारले आहे

कुलपाने दार कधी उघडावे, यावर कंपनीत गंभीर चर्चा चालू होती. कंपनी इलेक्ट्रॉनिक कुलपे बनवी. कुलपात छोटा संगणक, त्यात ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, गुप्त संकेत उलगडणारा एक कोपरा. हा कोपरा कंपनीतल्या एका जुन्या बाईंकडे होता. बाई कमी बोलत, आणि त्यांचे कुलूप लगेच उघडे.

त्यांची पद्धत सिंक्रोनस, म्हणजे काम होईपर्यंत थांबणारी: प्रोसेसर संकेत जागच्या जागी उलगडी, माणूस घरात जाई. नव्या साहेबांनी त्यासाठी स्वतंत्र चिप आणली. ती असिंक्रोनस. तिच्याकडे काम टाकायचे, "स्वीकारले आहे" एवढे ऐकायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. झाले की ती कळवणार.

"पण साहेब, संकेत चिमूटभर असतो. चिपपर्यंत नेण्याआणण्यातच जास्त वेळ जाईल. आणि दारात उभ्या माणसाला दुसरं काम काय असणार?"

"बाई, थांबणं हा मागासलेपणा आहे."

कर्नलचा नियम साधा होता. एकाच कामाला दोघे हजर असतील, तर ज्याचा प्राधान्यांक मोठा त्याला काम. प्राधान्यांक ज्याने त्याने स्वतःच लावून घ्यायचा. वेग कोणी तपासत नसे. चिपने भरघोस लावून घेतला आणि निवडली गेली. साहेबांची निवडही अशीच झाली होती.

माणसे दाराबाहेर ताटकळू लागली. तक्रारी आल्या, तेव्हा चिपच्या कामाभोवती "पूर्ण होईपर्यंत थांबा" असे वेष्टन चढवण्यात आले.

"म्हणजे शेवटी थांबायचंच ना?" बाईंनी विचारले.

"हो, पण असिंक्रोनस पद्धतीने."

लवकरच कुलपासोबत घडीचे स्टूल मोफत मिळू लागले.

शेवटी बाईंची पद्धत कर्नलमधून काढून टाकण्यासाठी बैठक ठरली. प्रत्येकाने आपापल्या घरून, संगणकासमोर बसायचे. गैरहजर राहणाऱ्याची संमती धरली जाईल. बाईंनी दोन्ही पद्धतींची मोजमापे मांडून ठेवली, संगणक उघडा ठेवला, फोन चार्जिंगला लावला आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून ब्रेड घेऊन आल्या. दारावर नवे कुलूप होते. कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे होते. बाईंनी अंगठा टेकवला.

"स्वीकारले आहे," कुलूप म्हणाले. "आपण इतर कामे करू शकता."

बाईंनी दार बडवले. "बाबा! आतून खटका दाबा. सहाला माझी बैठक आहे!"

"सहाला ना?" आतून वडिलांचा संथ आवाज आला. "मग वेळ आहे की. आपल्या घड्याळात चारच वाजलेत."

"बाबा, ते घड्याळ बंद पडलंय!"

"तेच तर मी तुला रोज सांगतोय, बाळ. सेल घाल म्हणून. तू काय म्हणतेस?"

बाई रोज म्हणत, "हो, बघते."

"हो, बघतो," बाबा म्हणाले. "तोवर तू दुसरं काही उरकून घे."

कुलूप उघडले तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला होता. बाईंची संमती विशेष आभारासह नोंदली गेली होती.

तुम्हाला बाबांचा राग आला असेल, तर तो अवश्य धरावा. फक्त आधी आत जाऊन यावे. हे वाचता वाचता आतून हाक आली होती आणि तुम्ही "आलोच" म्हणाला होतात.